शेवटचे वीस पीएसआय

पत्र

सप्रेम नमस्कार. वय ५१, बँकेत नोकरी, वजन ६२ किलो (विचाराल म्हणून आधीच सांगते). भाचा परदेशी गेला तेव्हा त्याची रोड बाईक माझ्याकडे आली. टायर ७०० बाय २५. आम्ही चौघीजणी रविवारी पहाटे निघतो. कधी खडकवासला, कधी बोपदेव घाट, फारच उत्साह असेल तर पानशेत. परवा पानशेतहून येताना खानापूरच्या अलीकडे माझं मागचं चाक पंक्चर झालं. ट्यूब बदलता येते, बदलली. पण सायकलसोबत आलेला वीतभर पंप मारून मारून हात भरून आले तरी टायर काही कडक होईना. पुढे एका पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर होता, पण त्याची नळी माझ्या व्हॉल्ववर बसेना. शेवटी भाजीच्या रिकाम्या टेम्पोतून सायकल घरी आणली. आता भाचा फोनवरून सांगतो, कार्बन डायऑक्साइडच्या कॅप्सूल घे. मैत्रीण म्हणते, बॅटरीवरचा पंप घे. दुकानदाराने १६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेला चकचकीत पंप पुढे केला. आणि आमचे हे विचारतात, सायकल आहे का विमान? माझं उजवं मनगट दोन वर्षांपूर्वी मोडलं होतं, ते अजून कुरकुरतं. डिसेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायचं मनात आहे. काय घेऊ?

– टेम्पोतून परतलेली, कोथरूड

उत्तर

ताई,

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. पायाखाली दाबून धरता येईल असा, लवचीक नळीचा आणि आडव्या मुठीचा छोटा पंप घ्या. टोपीकचा रोड मॉर्फ जी किंवा लेझाइनचा मायक्रो फ्लोअर ड्राइव्ह, या जातीतला. तो जर्सीच्या खिशात मावणार नाही, सायकलच्या दांडीला बांधून न्यावा लागेल आणि भाचा नाक मुरडेल. मुरडू दे. त्याची मनगटं शाबूत आहेत.

आता कारणं. तुमच्या पत्रात टायरचं माप आहे, वजन आहे, मनगट आहे, यजमानांचा शेरासुद्धा आहे. एकच आकडा नाही. तुम्हाला टायरमध्ये हवा किती पाहिजे? हा प्रश्न पंपाच्या आधीचा, आणि दुकानात तो सहसा कुणी विचारत नाही.

रोड बाईक म्हटली की १००, ११० पीएसआय असं आपल्याकडे पाठ झालेलं आहे. ते २३ मिलिमीटरच्या टायरच्या काळातलं पाठांतर. तुमचं वजन ६२, टायर २५चा आणि रस्ते आपले. मागच्या चाकात ८० आणि पुढच्यात ७५ पीएसआय तुम्हाला पुरेत. त्याहून जास्त भरली म्हणून सायकल जोरात पळत नाही. खडबडीत डांबरावर नुसती उडते आणि तो प्रत्येक दणका त्या कुरकुरणाऱ्या मनगटात उतरतो. उलट पन्नास-पंचावन्नवर निघालात तर खड्ड्याच्या कडेला आपटून ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. परवाची फाटकी ट्यूब टाकली नसेल तर ती हवा भरून बादलीत बुडवून बघा. एकच बारीक भोक असेल तर बाभळीचा काटा किंवा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली तार. जोडीने दोन असतील तर त्या दिवशी घरून निघतानाच हवा कमी होती, आणि मग नवा पंप हा तुमच्या दुखण्यावरचा अर्धाच इलाज आहे.

टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. तो गाठायलाच हवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि यजमानांना सांगा, मोटारीच्या टायरमध्ये बत्तीस-तेहतीस, तुमच्या सायकलीत ८० आणि जेट विमानाच्या टायरमध्ये २००च्या आसपास पीएसआय असतं. म्हणजे त्यांचा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता.

तर ८० ठरलं. आता त्या १६० पीएसआयवाल्या पंपाकडे येऊ. पंपावरच्या १६०चा अर्थ एवढाच की तेवढ्या दाबाला त्याची नळी फुटत नाही आणि वायसर गळत नाही. तेवढा दाब आणायला दांडा किती जोराने रेटावा लागेल, हे तो आकडा सांगत नाही. ते ठरतं आतल्या दट्ट्याच्या जाडीवर. गणित शाळेतलंच आहे, दाब गुणिले क्षेत्रफळ. टायर ८०ला पोचत आला की १५ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याला साधारण १० किलोचा रेटा लागतो, २० मिलिमीटरला १८ किलोच्या आसपास, आणि २५ मिलिमीटरला जवळपास २८ किलो. तोही प्रत्येक स्ट्रोकला. एका हातात पंपाचं तोंड, दुसऱ्या हातात मूठ, खाली कशाचाही आधार नाही, आणि दोन हातांच्या मध्ये २८ किलो दाबायचे. जिममधली मुलंही तोंड वाकडं करतील.

मग सगळ्यांत बारीक पंप घेतला की काम झालं का? तर तिथे स्ट्रोक वाढतात. तुमच्या टायरच्या पोटात साधारण एक लिटर जागा आहे. ८० पीएसआय करायचं म्हणजे बाहेरची साडेपाच लिटर हवा तिथे कोंबायची. दट्ट्या १५ मिलिमीटरचा आणि स्ट्रोक १५ सेंटिमीटरचा असेल, तर एका वेळी सव्वीस-सत्तावीस मिलिलिटर हवा जाते. कागदावर दोनशेच्या थोडे वर स्ट्रोक होतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. तेवढ्याच लांबीचा २० मिलिमीटरचा पंप कागदावर सव्वाशेच्या आत काम उरकतो. सायकलच्या गिअरसारखा हिशेब आहे, हलका घेतला की पाय जास्त वेळा फिरवायचे. जोर वाचवायचा की वेळ, ते तुम्ही ठरवायचं. पण वीतभर पंपात दोन्हीही वाचत नाही, आणि परवा तुम्हाला त्याचाच प्रसाद मिळाला.

काय झालं असेल ते सांगतो. एवढ्याशा पंपाचा दट्ट्या आत जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर सरकतो. समजा एका स्ट्रोकला २५ मिलिलिटर हवा येते. आता दट्ट्या तळाला टेकला तरी त्याच्या पुढे, पंपाच्या तोंडात आणि वळणात, थोडी जागा उरतेच. ती ४ मिलिलिटर धरू. म्हणजे आत एकूण २९ मिलिलिटर हवा. टायरमध्ये ८० पीएसआय असताना आत शिरण्यासाठी त्या हवेला साडेसहा पट दबावं लागतं, म्हणजे ती साडेचार मिलिलिटर उरते. त्यातली चार त्या मोकळ्या जागेतच बसून राहते. टायरमध्ये गेली फक्त अर्धा मिलिलिटर, आणि वायसर जरासा सुकलेला असेल तर तीही नाही. तुम्ही मारत होतात, पंप हलत होता, हवा पंपातल्या पंपात दबत होती आणि परत फुगत होती. हातात जोर नव्हता म्हणून टायर मऊ राहिला असं अजिबात समजू नका. त्या पंपाने पैलवानाच्या हातातही तेच केलं असतं.

पहिले ५०, ६० पीएसआय बहुतेक पंप देतात. दुकानात चार स्ट्रोक मारून बघितले की सगळेच लोण्यासारखे चालतात. पंपाची परीक्षा शेवटच्या वीसमध्ये असते, आणि ते वीस कोणत्या हाताने भरायचेत हे बघूनच पंप घ्यायचा.

म्हणून मी पायाखालच्या पंपाचा हट्ट धरतोय. याला तळाशी घडीचं पाऊल असतं, त्यावर आपण बुटाने उभं राहायचं. वर आडवी मूठ, ती दोन्ही तळव्यांनी खाली दाबायची. म्हणजे रेटा हाताच्या स्नायूंचा न राहता अंगाच्या वजनाचा होतो. ६२ किलोच्या माणसाला अठरा-वीस किलो खाली ढकलायला फक्त पुढे झुकावं लागतं. मनगट सरळ राहतं, पिळवटत नाही. स्ट्रोक लांब असल्यामुळे त्या उरलेल्या जागेचा तोटाही कमी. रोड मॉर्फ जीच्या नळीवर दाब दाखवणारा छोटा मापक असतो. तो घरच्या मोठ्या पंपाइतका काटेकोर नसतो, पण साठ झालेत की ऐंशी एवढं कळतं. अंगठ्याने दाबून ते कळत नाही. पंचावन्नचा टायरही अंगठ्याला दगड लागतो. लेझाइन घेतलात तर खोक्यावर एचपी, म्हणजे हाय प्रेशर, लिहिलंय ना, ते बघा. एचव्ही, म्हणजे हाय व्हॉल्यूम, लिहिलेला जाड्या टायरसाठी असतो, त्यात हवा भरपूर येते पण शेवटी दांडा दबत नाही. दुकानदार पुष्कळदा हाच फरक न सांगता हाताला लागेल तो पंप देतो.

किंमत काही हजारांत जाईल, आणि त्यात तुम्हाला पंपाची शोभा काही मिळणार नाही. एक मात्र आधी तपासा. तुमची फ्रेम लहान मापाची असेल तर पंप आणि दोन बाटल्या एकत्र बसतात का, टेप घेऊन मोजा. पंप बाटलीच्या जाळीशेजारी बसत असेल तर वरून आणखी एक वेल्क्रोचा पट्टा गुंडाळाच. आपल्याकडच्या गतिरोधकांवर प्लास्टिकच्या खोबणीत नुसता अडकवलेला पंप कधी उडून पडला ते कळतसुद्धा नाही. पावसाळ्यात पुढच्या चाकाचा चिखल नेमका पंपाच्या तोंडात जातो. दुधाच्या पिशवीचा तुकडा आणि रबरबँड, एवढ्याने भागतं.

रस्त्यावर भरायची पद्धत आता नीट सांगतो, कारण चांगला पंप घेऊनही लोक इथे फसतात. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून रुमाल फिरवा. बोट नको, तार असेल तर कापेल. रुमाल अडकला की तिथे काटा आहे. तो न काढता नवी ट्यूब घातलीत तर पंपाची चर्चा दोन किलोमीटरवर पुन्हा सुरू. मग सायकल झाडाला किंवा कठड्याला टेकवा आणि व्हॉल्व खाली, जमिनीपासून थोडा वर येईल असं चाक फिरवा. या पंपांची नळी आखूड असते, व्हॉल्व वर राहिला तर ती ताणली जाते. तुमचा व्हॉल्व प्रेस्टा आहे, बारीक, टोकाला छोटी पितळी चकती असलेला. ती चकती पूर्ण सैल करा आणि पिन एकदा बोटाने दाबा, फुस्स झालं पाहिजे. बंद राहून पिन चिकटलेली असते, आणि चिकटलेल्या पिनेवर पंप मारला की दांडा दगडासारखा लागतो, हवा मात्र जात नाही. तोंड सरळ बसवा, खटका वर करा. पंधरावीस स्ट्रोक झाले की थांबा. चाक फिरवत दोन्ही बाजूंनी टायरची कड बघा, कुठे ट्यूब डोकावतेय का. डोकावत असेल तर आत्ताच हवा सोडून सारखी करा, कारण ८०ला ती बंदुकीसारखी फुटते आणि जादा ट्यूब एकच असते. सगळं ठीक असेल तर पुढे. पन्नास स्ट्रोक, दम, परत पन्नास. घाई केलीत तर पंपाचं धातूचं अंग तापतं, हवा दाबली की गरम होतेच, तळाशी हात लावू नका. आणि ६५ झाल्यावर जीव गेला असेल तर थांबलात तरी चालेल. तुमच्या वजनाला ६५वर, खड्डे चुकवत, घर गाठता येतं. वाईट दिवशी शेवटचे वीस घरी भरता येतात, हेही लक्षात असू द्या.

नळीच्या पंपाची एक खोड आहे. काहींची नळी व्हॉल्ववर आट्यांनी फिरवून बसवायची असते, लेझाइनची तशीच. काढताना उलटी फिरवली की कधी कधी व्हॉल्वचा आतला गाभाच सुटून नळीबरोबर येतो आणि दीडशे स्ट्रोकची कमाई एका सेकंदात वाऱ्यावर. उपाय फुकट आहे. घरी बसून प्रत्येक ट्यूबचा, जादा ट्यूबचासुद्धा, गाभा छोट्या पकडीने हलकासा आवळून ठेवा. आणि जादा ट्यूबच्या व्हॉल्वची लांबी बघा. भाच्याच्या चाकांची रिम खोल असेल आणि तुमच्या पिशवीतली ट्यूब आखूड व्हॉल्वची असेल, तर जगातला कोणताही पंप तिला धरणार नाही.

पंक्चरवाल्याची नळी बसली नाही याचं कारणही व्हॉल्वच. त्याची नळी मोटारी-स्कूटरच्या श्रेडर व्हॉल्वची. प्रेस्टावर बसवायला बोटाच्या पेराएवढा पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो. रोड बाईक विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळेल, नाना पेठेत सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारलंत तरी हरकत नाही. चहा-क्रीमरोलच्या पैशांत येतो. दोन घ्या, एक खोगिराखालच्या पिशवीत, एक मैत्रिणीकडे. तो असता तर परवा टेम्पो लागला नसता. पेट्रोल पंपावरही चालतो, फक्त तिथल्या मुलाला सांगा की एकदम दाबून धरू नको. मोटारीच्या टायरच्या मानाने तुमचा लिटरभराचा टायर काही क्षणांत भरतो. थोडी हवा, थांबा, बघा, परत थोडी.

आता भाच्याच्या कॅप्सूल. त्याचं म्हणणं खोटं नाही. १६ ग्रॅमची एक नळकांडी तुमचा टायर १००च्या वर नेऊ शकते, तीही काही सेकंदांत, आणि मनगटाला काम शून्य. पण ती एकदाच. टायरची कड नीट बसली नव्हती, काटा आत राहिला होता, तोंड तिरकं लागलं, की नळकांडी गेली आणि हातात बर्फासारखं थंड लोखंड. खरोखर थंड, उघड्या बोटांना इजा होण्याइतकं. स्पंजचं मोजं चढवल्याशिवाय ती धरू नये. शिवाय कार्बन डायऑक्साइड ट्यूबच्या रबरातून साध्या हवेपेक्षा बराच लवकर निसटतो. संध्याकाळी घरी येऊन तो सोडून द्यायचा आणि साधी हवा भरायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी तुम्हाला वाटेल पुन्हा पंक्चर. घ्यायच्याच असतील तर हवा कमी-जास्त सोडता येणाऱ्या तोंडाबरोबर दोन घ्या आणि पहिली घरी अंगणात वापरून बघा. रस्त्यावर पहिल्यांदा कुणीही नीट वापरत नाही. पंपाला जोड म्हणून ठीक. पंपाऐवजी नको.

बॅटरीच्या पंपाबद्दल मी थोडा घुटमळतो, कारण तुमच्या मनगटाच्या दृष्टीने मैत्रिणीचा सल्ला सगळ्यांत प्रेमळ आहे. मुठीत मावणारे हे पंप मिनिट-दोन मिनिटांत ८० करून देतात. आवाज मात्र असा की पहाटेच्या खडकवासल्याला बगळे उडावेत. सगळ्यांत छोट्या जातीच्या पंपात एका चार्जिंगला एखाददुसराच टायर पुरता भरतो, आणि महिनोन्‌महिने पिशवीत पडून राहिला की चार्ज आपोआप उतरतो. पंक्चर काही महिन्याच्या महिन्याला होत नाही, म्हणजे नेमका लागेल तेव्हा तो उतरलेला असण्याची शक्यता भरपूर. शनिवारी रात्री मोबाइलबरोबर तो चार्जिंगला लावायची सवय तुमच्या घरात टिकणार असेल तर जरूर घ्या. तुम्ही बँकेतल्या आहात, टिकेलही. तरी बीआरएमला त्याच्या एकट्याच्या भरवशावर जाऊ नका.

बीआरएमचं म्हणाल तर २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, आणि नियम स्वावलंबनाचा आहे. मागून कुणाची मोटार मदतीला आणायची नाही. मदत घ्यायची तर ठरलेल्या थांब्यांवरच. २०२६च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीला आपल्या रस्त्यांवर जे परदेशी खेळाडू आले, त्यांच्या मागे जादा चाकं घेतलेल्या गाड्या होत्या. पंक्चर झालं की चाकच बदललं. आपल्या मागे पीएमपीची बस असते, आणि ती हॉर्न देते. तेव्हा डिसेंबरासाठी पायाखालचा पंप, दोन ट्यूब, ठिगळाची डबी, पितळी अ‍ॅडॉप्टर आणि हवी तर एक कॅप्सूल, एवढं न्या. डिसेंबरात सहा-साडेसहाला अंधार होतो, ट्यूब बदलताना दात टॉर्च धरायला लागू नयेत म्हणून कपाळावरचा दिवाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. पंपावर पैसे घालण्याआधी सायकलच्या चिमट्यात (फोर्कमध्ये) आणि ब्रेकखाली २८ मिलिमीटरचा टायर फिरेल एवढी जागा आहे का, ते एकदा मेकॅनिककडून बघून घ्या. बसत असेल तर पुढच्या वेळी टायर बदलताना २८ घ्या. त्यात तुम्हाला साधारण ६५ पीएसआय पुरे. हवा थोडी जास्त लागते, सव्वा लिटरची जागा, पण २० मिलिमीटरच्या दट्ट्याला शेवटचा रेटा अठराऐवजी चौदा किलोंवर येतो, आणि पानशेत रस्त्याचे खड्डेही मऊ लागतात. मनगटाला या बदलाइतका आराम कोणताही पंप देणार नाही.

आणि घरात मोठा, मापकाचा उभा पंप आहे ना? पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून शंका आली. नसेल तर तो आधी, बाकी सगळं नंतर. बारीक टायरची हवा आठवड्याभरात आपोआप थोडी उतरते, त्यामुळे दर रविवारी निघण्यापूर्वी ८० आणि ७५ बघायचंच. चिमटून होणारी पंक्चरं यानेच जवळपास संपतात. चौघीजणी मिळून एक घेतलात तरी चालेल, फक्त ज्या घरासमोर जमता तिथे ठेवा, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर नको.

दुकानात जाताना तुमचं मागचं चाक काढून बरोबर न्या. हवा सोडा आणि त्यांच्यासमोर, हव्या त्या पंपाने, शून्यापासून ८०पर्यंत भरून बघा. पुण्यातला दुकानदार आहे, "मॅडम, घ्यायचाय का व्यायाम करायचाय?" असं ऐकून घ्यावं लागेल. ऐकून घ्या आणि मारत राहा. साठच्या पुढे मनगट काय म्हणतं ते तिथेच कळेल. खोक्यावर ते छापलेलं नसतं. जो पंप दुकानात ७५ला अडला, तो खानापूरला पासष्टलाच अडणार.

पैसे देण्याआधी शेवटचा प्रश्न हा विचारा की याचे वायसर आणि तोंडातलं रबर सुटं मिळतं का. आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हात रबर आधी जातं, धातूचा पंप वर्षानुवर्षं टिकतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा पंप घरी मारून बघायचा, दांडा कोरडा वाटला तर सिलिकॉन ग्रीसचा एक थेंब. खोबरेल तेल नको, ते धूळ धरतं. आणि दुकानदार रबराला "बघावं लागेल" म्हणाला, तर त्याच वेळी एक जादा मागवून ठेवा. ते येईपर्यंत तुमची डिसेंबरची तारीख आलेली असेल.